माणसं मरत असताना हसायचं कसं?

१. प्रश्न

युद्धावरच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की वाचक एक प्रश्न हमखास विचारतात. इतक्या भयंकर गोष्टीत लेखकाला विनोद सुचतो कसा, आणि तो आपल्याला आवडतो कसा? प्रश्नामागे थोडी अस्वस्थता असते. एखाद्या शिपायाच्या गमतीवर आपण खळखळून हसतो आणि दहा पानांनी तोच शिपाई मरतो. मग वाटतं, आपण हसलो ते बरं केलं का?

नेहमीचं उत्तर असं, की सलग रक्तपात वाचवत नाही, म्हणून मधूनमधून काहीतरी हलकंफुलकं घालावं लागतं. इंग्रजी नाट्यसमीक्षेत याला ‘कॉमिक रिलीफ’ म्हणतात. आपण ‘विनोदी विसावा’ म्हणू. हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. विनोद नुसत्या विसाव्यासाठी असता, तर तो काढून टाकल्यावरही गोष्ट उभी राहिली असती. चांगल्या युद्धकथेतून विनोद काढून पाहा, गोष्टच कोसळते. मरणारा माणूस आधी आपल्या ओळखीचा व्हावा लागतो, आणि माणसाची ओळख हसण्यातून जितकी लवकर होते तितकी दुसऱ्या कशानेच होत नाही. हे कसं घडतं ते काही कथा उघडून पाहू. सुरुवात घरातल्याच गोष्टीपासून करू.

२. उत्तरकुमाराचं पुढे काय झालं?

विराटपर्वातला उत्तरकुमार आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या, राजा दुसऱ्या आघाडीवर गेलेला, राजधानीत हा तरुण राजपुत्र तेवढा उरलेला. अंतःपुरातल्या स्त्रियांसमोर तो बढाया मारतो की चांगला सारथी मिळाला असता तर एकट्याने कौरवांची दाणादाण उडवली असती. सारथी मिळतो, तो बृहन्नडा, म्हणजे स्त्रीवेषातला अर्जुन. निघताना राजकन्या उत्तरा सांगते की हरलेल्या वीरांची रंगीत वस्त्रं आमच्या बाहुल्यांसाठी घेऊन या. आणि समोर कौरवांचं सैन्य दिसताच राजपुत्र रथातून उडी मारून पळत सुटतो. त्याच्यामागे वेणी उडवत अर्जुन धावतो. ते दृश्य पाहून कौरवांचे सैनिकही हसतात. पकडल्यावर उत्तर गयावया करतो. सोन्याची नाणी देतो, रत्नं देतो, हत्ती देतो, पण मला घरी जाऊ दे, म्हणतो.

इथपर्यंतची गोष्ट आपण मुलांना सांगतो. ‘उत्तरकुमाराच्या बढाया’ हा भाषेतला प्रयोगही इथूनच आला. पण महाभारतकार इथे थांबत नाही. कुरुक्षेत्रावरच्या युद्धाच्या पहिल्याच दिवशी हाच उत्तर हत्तीवर बसून मद्रराज शल्यावर चालून जातो आणि शल्याच्या रथाचे घोडे मारतो. शल्य शक्ती फेकतो आणि उत्तर हत्तीवरून खाली पडतो, मेलेला.

युद्धात अठरा अक्षौहिणी सैन्य आहे. शेकडो राजांची नावं येतात आणि जातात. त्यांतली बहुतेक आपल्या लक्षात राहत नाहीत. उत्तर मात्र राहतो, कारण आपण त्याला घाबरलेला पाहिला आहे आणि त्याच्यावर हसलो आहोत. हत्ती-घोडे देऊ करून जीव वाचवू पाहणारा मुलगा आज पळत नाही, हे वाचताना आपलं आधीचं सगळं हसू घशात अडकतं. विराटपर्वातला विनोद भीष्मपर्वात वसूल होतो. मधली उद्योगपर्वाची एवढी मोठी वाट ओलांडून हा धागा ज्याने जपला, त्या प्रतिभेपुढे मी नेहमी थक्क होतो.

३. पलटणीतला विदूषक

आता एकदम पहिल्या महायुद्धात येऊ. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ साली ‘सरस्वती’ मासिकात आली. युद्ध तेव्हा चालूच होतं आणि हिंदुस्थानी शिपाई फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात खरोखर लढत होते. ही कथा प्रेमकथा म्हणून शिकवली जाते. मला ती युद्धकथा म्हणून अधिक मोठी वाटते, आणि तिच्यातला विनोद हे त्याचं मुख्य कारण आहे.

शीख पलटणीचे जवान खंदकात बसलेत. पोटऱ्यांपर्यंत चिखल, हाडं गोठवणारी थंडी, आणि शत्रू दिसत नाही म्हणून आलेला कंटाळा. त्यांच्यात वजीरासिंह नावाचा एक जवान आहे. लेखक सरळच सांगतो की हा पलटणीतला विदूषक. वजीरा बादलीने खंदकातलं गढूळ पाणी उपसून बाहेर फेकतो आणि म्हणतो, मी भटजी झालोय, जर्मनीच्या बादशहाचं तर्पण चाललंय. सगळे हसतात. थोड्या वेळाने तो एक चावट गाणं सुरू करतो. दाढीवाले, घरदार असलेले प्रौढ पुरुष ते एकसाथ म्हणू लागतात आणि असे ताजेतवाने होतात, की जणू चार दिवस मजेतच घालवलेत.

इथला विनोद शिपायांनी एकमेकांसाठी केलेला आहे. वाचक त्यांच्या शेजारी बसून तो ऐकतो, एवढंच. खऱ्या खंदकांतही असंच होत होतं. १९१६ च्या फेब्रुवारीत बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या ढिगाऱ्यात एका ब्रिटिश तुकडीला सोडून दिलेलं छपाईयंत्र सापडलं. कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स यांनी त्यावर ‘वायपर्स टाइम्स’ नावाचं विनोदी पत्रक छापायला सुरुवात केली. त्यात खोट्या जाहिराती असायच्या आणि मागे सुरक्षित बसून आशावाद शिकवणाऱ्यांची टवाळी असायची. तोफा चालू असताना माणसं हे छापत होती आणि वाचत होती. विनोद हा युद्धकथेत वरून टाकलेला मसाला असता तर हे घडलं नसतं. तो तिथल्या जगण्याचाच भाग होता. तो वगळणारा लेखक अपुरं चित्र काढतो.

गुलेरी यांची खरी कमाल पुढे आहे. रात्री एक अधिकारी येतो. अंगावर लपटन साहेबांचा, म्हणजे लेफ्टनंटसाहेबांचा गणवेश. तो सुभेदाराला बहुतेक जवान घेऊन दूरच्या हल्ल्यावर जायचा हुकूम देतो. कथेचा नायक जमादार लहनासिंह मागे राहतो. साहेब त्याला सिगरेट देऊ करतो. शिखाला सिगरेट! लहनाच्या मनात पाल चुकचुकते. मग तो गप्पा मारायला लागतो, अगदी भोळेपणाने. साहेब, आपण जगाधरीला शिकारीला गेलो होतो, आठवतं ना? आपण गाढवावर बसला होता, आणि आपला खानसामा अब्दुल्ला वाटेतल्या देवळात पाणी वाहायला थांबला होता? आणि त्या नीलगाईची ती भली मोठी शिंगं? साहेब प्रत्येक गोष्टीला हो म्हणत जातो.

हसू येतं, कारण आपल्याला हळूहळू कळतं की हा साहेब खोटा आहे, वेष पालटलेला जर्मन आहे, आणि लहना त्याला खेळवतो आहे. पण याच गप्पांवर दहा जणांचे प्राण टांगलेले आहेत. विनोद आणि धोका एकाच वाक्यात बसले आहेत. एक सोडून दुसरा वाचताच येत नाही. लहना वजीराला सुभेदाराच्या मागे पिटाळतो, खंदकात सुरुंगासारखे गोळे लावणाऱ्या जर्मनाला बंदुकीच्या दस्त्याने पाडतो. जर्मन शुद्धीवर आल्यावर लहनाला गंमत आवरत नाही. आज मी काय काय शिकलो याची तो यादीच वाचतो : शीख सिगरेट ओढतात, जगाधरीच्या नीलगाईंना दोन फूट चार इंचांची शिंगं असतात, मुसलमान खानसामे मूर्तींवर पाणी घालतात आणि लपटन साहेब गाढवावर बसतात.

ही यादी चालू असताना त्याच्या लक्षात येत नाही की जर्मनाच्या पँटच्या खिशांची झडती घ्यायची राहिली आहे. त्याने थंडी वाजत असल्यासारखे हात खिशात घातले आहेत. खिशातूनच गोळी सुटते आणि लहनाच्या मांडीत घुसते.

ही जागा प्रत्येक लेखकाने अभ्यासावी अशी आहे. विनोदाने जीव वाचवला आणि विनोदानेच गाफील केलं. पुढे चकमकीत लहनाला बरगडीत आणखी एक गोळी लागते. ती जखम तो सगळ्यांपासून लपवतो, सुभेदाराला आणि त्याच्या आजारी मुलाला गाडीतून पाठवून देतो, आणि ज्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो तो असतो वजीरासिंह. पलटणीला हसवणारा माणूस शेवटच्या प्रसंगात पाणी पाजतो आहे. गुलेरी यांनी या कामाला दुसरा कोणीही ठेवला असता तरी कथानक पुढे गेलं असतं. पण आपल्या डोळ्यांत पाणी येतं ते वजीराकडे पाहून.

४. दीडशे जणांचा स्वयंपाक

आता एक गणित. एरिश मारिया रेमार्क यांची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या नावाने जगाला माहीत असलेली जर्मन कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. सुरुवात जेवणाने होते. तुकडी आघाडीवरून मागे आली आहे. दीडशे जणांचा स्वयंपाक तयार आहे. परत आलेत ऐंशी.

म्हणजे सत्तर जणांचं जेवण, पाव, सॉसेज, तंबाखू शिल्लक. रांगेतल्या पोरांना आनंदाचं भरतं येतं, कारण आज प्रत्येकाला जवळपास दुप्पट मिळणार. पण आचारी अडून बसतो. स्वयंपाक दीडशेंचा आहे, ऐंशी जणांना तो कसा वाढायचा? नियमात बसत नाही. वाद रंगतो. पोरं हमरीतुमरीवर येतात. शेवटी तुकडीचा प्रमुख येऊन सगळं वाढून टाकायला सांगतो आणि प्रश्न मिटतो.

प्रसंग हा असा सरळ विनोदी आहे. हट्टी आचारी आणि भुकेली पोरं हे जगातल्या कुठल्याही वसतिगृहात घडेल. रेमार्क न परतलेल्या सत्तर जणांवर शोक करत नाही. तो फक्त वजाबाकी समोर ठेवतो आणि पोटभर जेवलेली, खूश असलेली तरुण मुलं दाखवतो. हसता हसता वाचकाला कळतं की आपण कशामुळे हसतो आहोत. आनंदाचं कारण आणि भीषणतेचं कारण एकच आहे : सत्तर माणसं जेवायला आली नाहीत. दुःखाचं वर्णन करून हे साधलं नसतं, कारण त्या मुलांना त्या क्षणी दुःख होतच नव्हतं. त्यांना भूक लागली होती. युद्धाने माणसाचं काय केलं, ते नेमकं इथे दिसतं.

५. विसावा खराच हवा असतो, पण कशासाठी?

विनोदी विसाव्याचं उत्तर मी अर्धंच खरं म्हटलं होतं. त्या अर्ध्या भागाला आता न्याय देऊ.

कोल्हापुरात तांबडा रस्सा जेवताना पहिले चार घास झणका देतात. नंतर जीभ बधिर होते आणि तिखट कळेनासं होतं. मध्ये वाटीभर पांढरा रस्सा घेतला की जीभ पुन्हा जागी होते, आणि तांबड्याचा पुढचा घास पहिल्याइतकाच झोंबतो. युद्धकथेत सलग पन्नास प्रेतं दाखवली तर एकावन्नाव्याने वाचकाला काहीच होत नाही. मधला हसरा प्रसंग त्याला पुन्हा संवेदनशील करतो. विसावा असतो तो पुढचा घाव नीट लागावा म्हणून.

आर. सी. शेरिफ हे स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेले आणि जखमी झालेले अधिकारी. त्यांचं ‘जर्नीज एंड’ हे नाटक लंडनमध्ये १९२८ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं. नाटक घडतं ते १९१८ च्या मार्चमध्ये, जर्मनांच्या मोठ्या हल्ल्याच्या आधीच्या तीन-चार दिवसांत, एका खंदकातल्या तळघरात. आणि या तळघरात चर्चा कसली, तर मिरपुडीची. स्वयंपाकी मेसन मिरपूड आणायला विसरला आहे. अधिकारी ट्रॉटर याला सूप मिरपुडीशिवाय घशाखाली उतरत नाही. शेवटी शेजारच्या तुकडीकडे माणूस पाठवून कागदाच्या पुडीत चिमूटभर मिरपूड मागवली जाते. अननसाचा म्हणून घेतलेला डबा उघडल्यावर आत जर्दाळू निघतात, त्यावरही गंभीर बोलणी होतात.

याच ट्रॉटरने एका कागदावर १४४ वर्तुळं काढली आहेत. खंदकात सहा दिवस राहायचं, दिवसाचे २४ तास, म्हणून १४४. तास संपला की एक वर्तुळ काळं करायचं. खादाड, गोलमटोल, सदा खूश दिसणारा हा माणूस आतून किती घाबरला आहे, हे त्या कागदावरून कळतं. मिरपुडीचा विनोद आधी झाला नसता तर हा कागद एक तपशील म्हणून निघून गेला असता.

दूरचित्रवाणीवर याचं सर्वांत धाडसी उदाहरण म्हणजे अमेरिकेतली ‘मॅश’ ही मालिका. कोरियन युद्धातल्या एका फिरत्या लष्करी रुग्णालयाची ही गोष्ट. युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका चालली १९७२ ते १९८३, अडीचशेहून जास्त भाग. त्या काळच्या विनोदी मालिकांत प्रेक्षकांचं ध्वनिमुद्रित हसू ऐकवलं जायचं; वाहिनीने इथेही तो आग्रह धरला. निर्मात्यांनी एक अट मान्य करून घेतली : शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या दृश्यांत हसू वाजणार नाही. डॉक्टर तिथेही थट्टा करत राहतात, हात रक्ताने भरलेले असतात, पण कोणी हसत नाही. त्या शांततेत त्यांचे विनोद वेगळेच ऐकू येतात. जागं राहण्यासाठी आणि हात थरथरू नयेत म्हणून ही माणसं बोलत आहेत, हे समजतं.

१९७५ साली या मालिकेत कर्नल हेन्री ब्लेक घरी परतणार असतो. पूर्ण भाग निरोपाच्या गमतीजमतींचा. शेवटी शस्त्रक्रिया चालू असताना रडार नावाचा तरुण कारकून आत येतो आणि सांगतो की कर्नलचं विमान समुद्रावर पाडलं गेलं, कोणी वाचलं नाही. संहितेचं हे शेवटचं पान अभिनेत्यांनाही चित्रीकरणाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत दिलेलं नव्हतं. प्रेक्षकांची संतापाची पत्रं आली. विनोदी मालिकेत असं करतात का, असं लोक विचारत होते. माझ्या मते लेखकांचं बरोबर होतं. त्या रुग्णालयात रोज अनोळखी मुलं मरत होती आणि प्रेक्षक ते पाहून हसायला परतत होते. एकदा ओळखीचा माणूस जाणं भागच होतं.

६. हुकूम, शिक्का आणि नियम

आतापर्यंत शिपायांचे आपसातले विनोद पाहिले. दुसरा एक मोठा प्रकार आहे. त्यात हसू येतं ते युद्ध चालवणाऱ्या यंत्रणेचं. त्यातलं मोठं नाव चेक लेखक यारोस्लाव हाशेक.

हाशेक १८८३ मध्ये प्रागला जन्मला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ९१ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होता, १९१५ मध्ये रशियनांच्या हाती सापडला, १९२० च्या अखेरीस परत आला. मग त्याने ‘श्वेक’ या शिपायाची कादंबरी लिहायला घेतली आणि ती पुरी व्हायच्या आत, १९२३ च्या जानेवारीत, चाळिशीही न गाठता वारला. श्वेकला लष्कराने अधिकृतपणे मूर्ख ठरवलेलं आहे. तो कुत्री विकतो. कादंबरीच्या पहिल्याच पानावर घरकाम करणारी बाई सांगते की फर्डिनांडला मारलं. ज्या खुनावरून महायुद्ध पेटलं तो हा युवराज. श्वेक विचारतो, कोणता फर्डिनांड? त्याच्या माहितीत दोघे असतात. एक औषधाच्या दुकानातला नोकर, चुकून केसांचं तेल प्यालेला. दुसरा कुत्र्यांची विष्ठा गोळा करणारा.

साम्राज्याचा वारस आणि कुत्र्यांची विष्ठा गोळा करणारा गडी एका रांगेत आले. कोणी भाषण केलं नाही, कोणी बंड केलं नाही. श्वेक कधीच हुकूम मोडत नाही. उलट तो प्रत्येक हुकूम अक्षरशः पाळतो. संधिवाताने पाय धरलेले असतानाही चाकाच्या खुर्चीत बसून, कुबड्या हलवत, बेलग्रेडवर चला अशा आरोळ्या ठोकत भरतीला जातो. अधिकाऱ्यांच्या गुप्त संदेशांची किल्ली एका दोन खंडांच्या कादंबरीत दडलेली असते आणि किल्ली दुसऱ्या खंडात असते. श्वेक मात्र सगळ्यांना पहिला खंड पोचवतो, कारण कादंबरी पहिल्या खंडापासून वाचतात ना? एका प्रामाणिक वाचकाच्या शहाणपणाने पूर्ण तुकडीची गुप्तलिपी बिघडते. मूर्ख कोण, हा प्रश्न तिथेच उलटा फिरतो. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तला हा माणूस इतका भावला, की त्याने दुसऱ्या महायुद्धातल्या श्वेकवर नाटक लिहिलं. ब्रेख्तचाच असा एक चक्रम-शहाणा मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा आहे. यादवीच्या गोंधळात न्यायाधीश होऊन बसणारा तो अझदाक चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या रूपांतरातून विजया मेहतांनी रंगमंचावर आणला.

श्वेकनंतर चाळीस वर्षांनी, १९६१ मध्ये, अमेरिकन लेखक जोसेफ हेलर यांची ‘कॅच-२२’ आली. हेलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानातून ६० मोहिमांवर गेलेले. त्यांच्या कादंबरीतला तो प्रसिद्ध नियम एकदा पायरीपायरीने समजून घेऊ.

वेड्या वैमानिकाला उड्डाणातून सुटी द्यावी लागते. सुटीसाठी त्याने अर्ज करायला हवा. पण मरणाच्या भीतीने जो अर्ज करतो त्याचं डोकं ठिकाणावर आहे, म्हणजे तो वेडा नाही. त्याने उडायला हवं. जो अर्ज करत नाही तो वेडा आहे, पण अर्ज नाही म्हणून त्यालाही सुटी नाही. दोन्ही वाटांनी माणूस विमानातच. आणि ठरलेल्या मोहिमा संपत आल्या की कर्नल कॅथकार्ट आकडा वाढवतो : ४० चे ४५, मग ५०, ५५, असा तो ८० पर्यंत जातो.

कार्यालयात एका कागदासाठी चार खिडक्या फिरलेल्या कोणालाही हा विनोद शिकवावा लागत नाही. फरक इतकाच, की इथे खिडकी चुकली की माणूस मरतो. डॉक्टर डॅनिका जमिनीवर उभा आहे, पण कागदोपत्री त्याचं नाव कोसळलेल्या विमानात आहे. म्हणून तो मेला. तो समोर येऊन बोलतो तरी कोणी ऐकत नाही. बायकोला शोकपत्र जातं, त्यात श्रीमती, श्री., कुमारी असे सगळे पर्याय छापलेले. हसताना अंगावर काटा येतो, कारण हजारो घरांत अशी पत्रं खरोखर गेली होती.

या सगळ्या विनोदाखाली हेलर एक प्रसंग पुरून ठेवतात. स्नोडेन नावाचा तरुण विमानात जखमी झाला आहे. नायक योसेरियन त्याच्या मांडीवरच्या जखमेला मलमपट्टी करतो आहे. हा प्रसंग पुन्हा पुन्हा डोकावतो आणि अर्धवट राहतो. खरी जखम संरक्षक जाकिटाच्या आत आहे, हे पूर्णपणे उघडतं ते ४२ पैकी ४१ व्या प्रकरणात. मी ते प्रकरण कधीच सहज वाचू शकलेलो नाही.

७. विनोद कुठे खुपतो

प्रत्येक युद्धविनोद चांगला नसतो. शत्रूला बावळट, भित्रा, ढेरपोट्या दाखवून हशा मिळवणं हे प्रचाराचं जुनं काम आहे. त्यात शत्रू माणूस उरत नाही, आणि जो माणूसच नाही त्याला मारायला काही वाटत नाही.

सआदत हसन मंटो यांना हे फार आतून कळलं होतं. त्यांची ‘टिटवाल का कुत्ता’ ही कथा १९४८ च्या काश्मीर युद्धातली. दोन टेकड्यांवर दोन देशांचे सैनिक, मध्ये दरी, लढाई जवळपास थंडावलेली. एक भटका कुत्रा एका बाजूला येतो. शिपाई त्याचं गमतीदार नाव ठेवतात, तो कोणत्या देशाचा यावर थट्टा करतात, गळ्यात चिठ्ठी बांधून पाठवतात. दुसरी बाजूही तसाच खेळ करते. वाचक हसतो आहे. मग दोन्हीकडून गोळ्या सुटू लागतात, कुत्रा मधल्या मध्ये धावतो, लंगडतो, आणि मारला जातो. एकीकडे त्याला हुतात्मा म्हणतात, दुसरीकडे कुत्र्याच्या मौतीने मेला म्हणतात. तोच खेळ, तीच माणसं, तेच हसू; मंटो आपला हात धरून शेवटपर्यंत नेतात आणि हे हसू कुठवर जाऊ शकतं ते दाखवतात.

चार्ली चॅप्लिनने १९४० मध्ये ‘द ग्रेट डिक्टेटर’मधून हिटलरची खिल्ली उडवली. धाडसाचं काम होतं. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलं की छळछावण्यांतली खरी भीषणता तेव्हा माहीत असती, तर आपण तो चित्रपट करू शकलो नसतो. चित्रपट आजही मोठाच आहे, पण त्याच्या या बोलण्याला मी फार वजन देतो. युद्धविनोद पारखायचा असेल तर मी एवढंच पाहतो : लेखकाला मृत्यू माहीत आहे का? वजीराच्या तर्पणात तो माहीत आहे, आचाऱ्याच्या पातेल्यात माहीत आहे, श्वेकच्या भोळेपणात माहीत आहे. जिथे नाही, तिथे मला हसू येत नाही.

८. वाचायला कुठून सुरुवात करावी

‘उसने कहा था’ आधी वाचा. अर्ध्या तासाची कथा आहे आणि मूळ हिंदीतून वाचणं मराठी वाचकाला अवघड जात नाही. एखादा पंजाबी शब्द अडला तर पुढे सरका, अर्थ आपोआप लागतो. नंतर मंटो. श्वेक घेतलात तर योसेफ लाडा यांची चित्रं असलेली आवृत्ती शोधा. ‘कॅच-२२’ला मात्र धीर हवा. घटना उलटसुलट येतात, नावं लक्षात राहत नाहीत, पहिल्या शंभर पानांत अनेकजण पुस्तक मिटतात. तुम्ही मिटू नका. आणि ४१ वं प्रकरण आधी उघडून वाचू नका. मागच्या चाळीस प्रकरणांत हसलेल्या वाचकासाठीच ते लिहिलेलं आहे.